तीन कुलपांचं गेट

४ ऑगस्ट

दादा फोनवर म्हणाला, "तुझं डोकं म्हणजे चाळणी. रोजचं लिहीत जा, म्हणजे पुढची नोकरी का गेली ते तरी कळेल." टोमणाच होता, पण मला पटलं. शाळा सातवीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायांचं. तरी लिहितो. वाचणार कोण आहे?

हे माझं पाचवं काम. आधीची चारही मीच सोडली. माझं बूड एका जागी टेकत नाही, असं आई म्हणते. या वेळी टेकवायचं ठरवलंय, कारण याच्यापुढे लांब जायला जागाच उरली नाही.

काम नदीवरच्या गेटचं. शहराच्या खालच्या अंगाला वस्ती आहे. वस्ती आणि नदी यांच्यामध्ये मातीचा उंच बांध. वस्तीचं पाणी मोठ्या नाल्याने बांधाखालून नदीत जातं, आणि तिथे हे लोखंडी गेट. नदी फुगली की गेट खाली सोडायचं, नाहीतर नदी वस्तीत शिरते. नदी उतरली की वर घ्यायचं, नाहीतर वस्तीचं पाणी वस्तीतच तुंबतं. वर एक मोठं चाक आहे, ते फिरवलं की गेट हलतं. चाकाला साखळी, साखळीला तीन कुलपं.

जुना राखणदार आजपासून घरी बसणार. त्याने सगळं दाखवलं. साखळीच्या एका टोकात पहिलं कुलूप, त्या कुलपात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, आणि तिसऱ्याने साखळीचं दुसरं टोक धरलेलं.

"ही तीन सरकारं," तो म्हणाला. "नदी देशाच्या सरकारची, बांध प्रांताच्या सरकारचा, नाला आपल्या नगरपालिकेचा. थोरला, मधला, धाकटा. प्रत्येकाचं एक कुलूप, किल्ली ज्याची त्याच्याकडे. बघ, कसे हातात हात घालून उभे आहेत."

"आणि माझ्याकडे काय?"

"तेलाचा डबा."

जाताना गेटकडे वळून पुन्हा म्हणाला, "हातात हात राहू दे हं." म्हाताऱ्या माणसांना उपदेश केल्याशिवाय निघवत नाही. सगळ्यांशी मिळूनमिसळून राहा, असं म्हणायचं असेल. मी मान हलवली.

१० ऑगस्ट

खोली मिळाली. वस्तीत एक शिवणकाम करणारी मावशी आहे, तिच्या घरात मागची खोली. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि काकांची खाट. काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. शिडीवरून पडले तेव्हापासून कमरेखाली काही नाही. तोंड मात्र जाग्यावर आहे.

"गेटवाला का तू?" त्यांनी विचारलं. "मग आमचा जीव तुझ्या हातात."

मी म्हटलं, "माझ्या हातात तेलाचा डबा आहे."

खाट हलेपर्यंत हसले. मावशी आतून म्हणाली, "बरं झालं, यांना ऐकणारा मिळाला. माझे कान विटले."

पगार धाकटा देतो, डगला मधल्याने दिला, बॅटरी थोरल्याने. डगल्याच्या बाह्या लांब आहेत आणि बॅटरीत सेल नाहीत. आईला सांगितलं गेटवर लागलो. तिला वाटलं कुठल्या बंगल्याच्या. "मालक कसे आहेत?" म्हणाली. तीन आहेत म्हटलं. "भाऊ का? मग जपून राहा. भावांच्या मध्ये नोकराचं भरीत होतं."

१९ ऑगस्ट

करमत नाही. बांधावर बसलं की पाणी इकडून तिकडे जाताना दिसतं, आणि आपणच तेवढे बसलेले. मला दोनदा निघून जावंसं वाटलं. एकदा पिशवीही भरली.

काकांनी पिशवी पाहिली आणि ते कुलपांची गोष्ट सांगत बसले. पूर्वी तिथे एकच कुलूप होतं, थोरल्याचं. राजधानीतून हुकूम आल्याशिवाय गेट हलायचं नाही. एका वर्षी वस्ती तुंबली आणि हुकूम यायला उशीर झाला. तेव्हा काकांचे पाय चालत होते. त्यांनी शेजाऱ्यांची पोरं खांद्यावरून काढली. सगळी निघाली नाहीत. नंतर लोक चिडले, मोर्चे निघाले. शेवटी असं ठरलं, की नुसत्या एकाच्या हातात राहायला नको. तिघांनाही हक्क.

"म्हणजे काय," काका म्हणाले, "एक झोपला तर दुसरा, दुसरा रुसला तर तिसरा. तिघांतला एक जरी जागा असला तरी आम्ही जगतो. आम्ही मागून घेतलंय ते. फुकट नाही मिळालं."

"तिघं भांडले तर?"

"भांडू दे की. भांडायला तोंड लागतं, गेटला एक किल्ली लागते."

बोलण्यात काकांना कोण हरवणार. पिशवी मात्र मी रिकामी केली.

३० ऑगस्ट

आज तपासणी होती. तिन्ही सरकारांची माणसं एका दिवशी येतात ती वर्षातून एकदाच. थोरल्याकडून चष्म्याचे साहेब आले, गाडीतून उतरताना बूट चिखलात गेला म्हणून तोंड पाडून. मधल्याकडून ओव्हरसियर. धाकट्याकडून मुकादम, हा तर आपलाच, रोज दिसणारा.

साहेब म्हणाले, वरच्या अंगाला पाऊस आहे, नदी चढणार, गेट खाली सोडा. ओव्हरसियर म्हणाला, बांध आमचा आहे, आम्हाला आधी विचारायला हवं होतं. साहेब म्हणाले, विचारलं असतं तर सोडा असंच म्हणाला असता ना? ओव्हरसियर म्हणाला, हो, पण विचारायला हवं होतं. मुकादम मला हळूच म्हणाला, "लग्नात मानपानावरून रुसतात ना, तसं चाललंय."

तिघांनी आपापली कुलपं काढली. मी आणि मुकादमाने चाक फिरवून गेट पार खाली सोडलं. मग ते बांधाखालच्या टपरीवर चहाला गेले, आणि कुलपं माझ्यापुढे टाकून गेले. तेल घाल आणि लावून टाक म्हणाले.

आता खरं सांगायचं तर ती कुलपं बघून मला पहिल्यापासून कसंतरी व्हायचं. एकात एक, एकात एक, दारू प्यायलेली माणसं एकमेकांना धरून चालतात तशी लोंबकळत. वारा आला की खडखडाट. एकमेकांवर घासून गंजलेली. मी तिन्ही रॉकेलने धुतली, घासली, तेल दिलं. लोण्यासारखी चालायला लागली. मग साखळीची दोन्ही टोकं एकावर एक घेतली आणि तिन्ही कुलपं वेगवेगळी, दोन्ही टोकांमधून आरपार, ओळीत लावली. थोरलं वर, मधलं मध्ये, धाकटं खाली. ज्याचं त्याचं वेगळं. आता खडखड नाही, घासाघास नाही. पहिल्यांदाच त्या गेटला काहीतरी रूप आलं.

साहेब लांबूनच म्हणाले, "लावलीस?" मी म्हटलं, "हो." गाडी निघून गेली. कुणी वर चढून पाहिलं नाही. मला उगीच वाटत होतं कुणीतरी पाहावं.

७ सप्टेंबर

नदी चढली होती ती चार दिवस तशीच राहिली. गेट खाली होतं म्हणून वस्ती कोरडी. मावशीने शेजारणीला सांगितलं, "आमच्या घरात गेटवाला राहतो." असं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "महिना झाला आणि अजून तिथेच आहेस? तब्येत बरी आहे ना?"

१२ सप्टेंबर

नदी उतरली. आता इथे पाऊस कोसळायला लागला. काल दुपारपासून थांबलेला नाही. शहराचं सगळं पाणी उतारावरून वस्तीत येतंय आणि गेट बंद. नाला भरून गल्लीत आला.

सकाळी धावत जाऊन मुकादमाला आणलं. त्याने आपली किल्ली लावली, कुलूप उघडलं, साखळी ओढली. साखळी हलली नाही.

त्याने पुन्हा ओढून पाहिली. "आजवर माझ्या एका किल्लीने सुटत होती."

मी म्हटलं, "कुलूप तर उघडलं."

"कुलूप उघडलं, पण ती दोन्ही धरून बसलीत." पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून गळत होतं. "त्या दिवशी ते दोघं आले आणि नियम बदलून गेले. आता तिघांची मिळून किल्ली लागणार. आपल्याला कोण सांगतंय? आपण धाकटे. तुला काही बोलले का?"

"नाही. सगळे चहाला गेले होते."

"तिथेच ठरवलं असणार. मी बिल द्यायला उठलो तेव्हा."

मग त्याने आपलं कुलूप परत लावलं. मी म्हटलं, ते तरी उघडं राहू दे. म्हणाला, "उघडं ठेवलं आणि काही झालं तर सगळं माझ्यावर शेकेल. तिघांत एक उघडा, तो धाकटाच असणार."

कुलपांचा दोष नाही. मीच धुतलेली, तिन्ही मख्खन चालतायत. वरून एकदा नियम आला की तेल घालून काय होणार.

१३ सप्टेंबर

पाणी उंबऱ्याच्या वर. मी आणि मावशीने काकांची खाट विटांवर चढवली, शिवणयंत्र कपाटावर.

मुकादमाच्या निरोपावर प्रांताचा ओव्हरसियर आला. आधी बांधावर उभं राहून विचारलं, "नगरपालिकेने आपलं उघडलं का?" मुकादम म्हणाला, "काल उघडलं होतं." "मग आज बंद कसं?" "तुमचं उघडलं नव्हतं म्हणून."

ओव्हरसियरने आपलं उघडलं. साखळी ओढून पाहिली. मुकादम सांगत होता की दोघांनी एकदम उघडलं तरी तिसरं उरतंच, थोरल्याचं. ओव्हरसियर हात झटकून म्हणाला, "आमच्या बाजूने गेट उघडं आहे. लिहून घे."

मी म्हटलं, "पण ते बंद आहे."

"आमच्या बाजूने उघडं आहे."

आणि आपलं कुलूप परत लावून गेला.

थोरल्याच्या कचेरीत मी स्वतः फोन लावला. ती इथून दिवसभराच्या वाटेवर आहे. तिकडचा माणूस म्हणाला, "कोण बोलतंय?"

"राखणदार."

"कुणाचा?"

काय सांगायचं तेच कळेना. पगार एकाचा, डगला दुसऱ्याचा, बॅटरी तिसऱ्याची. म्हटलं, "गेटचा."

तो म्हणाला असं थेट चालत नाही. नगरपालिकेने प्रांताला कळवायचं, प्रांताने आम्हाला. आणि किल्ली साहेबांकडे, ते दौऱ्यावर. मी म्हटलं, इथे माणसं आहेत. तो म्हणाला, "माणसं नगरपालिकेच्या अखत्यारीत येतात."

आई म्हणाली होती तेच. भावांच्या मध्ये.

१४ सप्टेंबर, सकाळ

पाणी मांडीला. वस्तीतले बरेच लोक वरच्या शाळेत गेले. मी काकांना म्हटलं, चला, पाठीवर घेतो.

"कशाला? नदी उतरलीय ना?"

"हो."

"मग तासाभराचं काम आहे. गेट वर गेलं की पाणी ओढ्यासारखं निघून जातं. मी पाहिलंय."

"ते गेट उघडत नाहीत, काका. तिघांची किल्ली लागते."

"एकाची लागते."

"नियम बदलला."

"नाही रे बाबा. एकाची लागते. त्यासाठीच तर केलं सगळं." मला समजवायला लागले, लहान मुलाला सांगतात तसं. "तू त्यांना सांग, एक जण पुरे. कुणीही एक."

जुन्या काळात अडकलेला माणूस. आपण मागून घेतलेलं कुणी परत काढून घेतलं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. मावशी शिवणयंत्राखालचं कपाट धरून उभी होती. मला डोळ्यांनी खुणावलं, जा, गेटचं बघ. हे हलायचे नाहीत.

वही डगल्याच्या खिशात घालतो आणि पहार घेऊन सरळ बांधावर जातो.

१४ सप्टेंबर

सकाळचं वर लिहिलंय. बाकीचं आता शाळेच्या वऱ्हांड्यात बसून लिहितो.

पहार कुलपात घातली तेवढ्यात मागून धावत आलेल्या मुकादमाने हात धरला. म्हणाला, "वेडा आहेस का? एका सरकारचं कुलूप फोडलं तर एकदा आत जाशील. इथे तीन आहेत. एकीकडून सुटलास की दुसरा धरेल." मी त्याला ढकललं. तो पडला, उठला, पुन्हा माझ्या कमरेला मिठी. रडत होता की पावसाचं पाणी, कळलं नाही. म्हणाला, "माझी बहीण राहते खाली. मला काय वाटत नसेल?" मग त्याने मिठी सोडली. दोघे बांधावर चिखलात बसून राहिलो, गेटकडे बघत. एका बाजूला नदी, खाली, शांत. दुसऱ्या बाजूला छपरं. मध्ये तीन चकचकीत कुलपं.

पहिल्या कुलपाला पहार लागली होती, पण पोलाद आहे. एक ओरखडा, एवढंच.

तेवढ्यात मावशी पाण्यातून आली. छातीपर्यंत भिजलेली. म्हणाली, "तयार झालेत. म्हणाले, त्याला सांग, आता पाठ दे."

आम्ही पळालो. पाण्यात पळता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, गोणी आपटावी तसा. मागची भिंत गेली होती, म्हणजे माझ्या खोलीची. ती पुढच्या खोलीवर पडली.

पुढचं लिहीत नाही.

१५ सप्टेंबर

दुपारी तिघे एकदम आले. साहेब, ओव्हरसियर, मुकादम. तीन किल्ल्या. तीन कुलपं एकामागून एक उघडली, साखळी सुटली, मी चाक फिरवलं. पाणी ओढ्यासारखं निघून गेलं. काका म्हणाले होते तसंच. तासाभराचं काम.

२० सप्टेंबर

मावशी वरच्या शाळेतच आहे. तिचं शिवणयंत्र मी चिखलातून काढलं. चालत नाही. तिने मला एकच विचारलं.

"किल्ली कुणाकडे होती?"

"तिघांकडे."

"मग एक तरी आला असता."

"आले होते मावशी. एकेक जण आला होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्यापुढे बसवेना.

संध्याकाळी जुना राखणदार भेटायला आला. सगळ्या शाळेत मलाच शोधत होता. बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "एक खरं सांग. हातात हात होते ना?"

मला हुंदका आला. म्हटलं, "नाही हो बाबा. मी गेटवर होतो. मावशी मला बोलवायला आली होती. शेवटी त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग चहाही न घेता निघून गेला. वाकून चालत होता. काकांवर त्याचा बराच जीव असावा.

६ ऑक्टोबर

पिशवी रोज भरतो, रोज काढतो. दादा म्हणतो, घरी ये. घरी जाऊन काय सांगू? गेट राखत होतो म्हणून?

सगळीकडे तीन सरकारांचंच चाललंय. थोरला म्हणतो मधल्याने वेळेत कळवलं नाही. मधला म्हणतो आमच्या बाजूने उघडं होतं. धाकटा म्हणतो आम्हाला अधिकारच ठेवला नाही. वस्तीतले म्हणतात तिघेही चोर. एक जण टपरीवर म्हणत होता, यापेक्षा पूर्वीसारखा एकच मालक बरा, निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी कळत होतं. लोकांनी माना हलवल्या. काका असते तर खाटेवरून भांडले असते. कुणीच भांडलं नाही. मीही नाही.

नवा नियम कुणी काढला, तेवढं अजून कुणी कबूल करत नाही. तिघेही म्हणतात आम्ही नाही.

२८ ऑक्टोबर

तिन्ही सरकारांची मिळून एक समिती झाली. पुन्हा असं होऊ नये म्हणून. आज ते लोक बांधावर आले होते. चष्म्याचे साहेब त्यात आहेत. ठरलं असं, की गेटवर समितीचाही हक्क असावा. म्हणून चौथं कुलूप. नवीन, पितळी, जड.

साहेब या वेळी वर चढून आले. माझ्या कुलपांकडे पाहिलं. "कुणी लावली ही?"

"मी."

"छान ठेवलीयस. नाहीतर ठिकठिकाणी नुसता लोंबकळा असतो." मुकादमाने मान खाली घातली होती, त्याची बहीण अजून शाळेतच आहे. साहेबांनी चौथं माझ्या हातात दिलं. "हेही लाव."

ते चहाला खाली गेले. मी चारही कुलपं पुसली, तेल दिलं. मग दोन्ही टोकांमधून आरपार, वरपासून खाली, ओळीत लावली. काकांसाठी आपल्या हातून एवढं तरी नीट व्हावं, असं वाटत होतं. वारा होता, पण खडखड नाही. कुणाचा कुणाला हात लागत नाही.